तारापूरचं इंधन आणि वॉशिंग्टनमधलं मतदान

अणुकरारावर सह्या सरकारं करतात, पण तो पाळला जाईल की नाही हे पुष्कळदा संसदेत ठरतं. तारापूरने हे सोसलं आहे.

1963च्या करारानुसार तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांना 30 वर्षं समृद्ध युरेनियम पुरवण्याची हमी अमेरिकेने दिली होती. भारताने 1974मध्ये पोखरणला अणुचाचणी केली. पुढे 1978मध्ये अमेरिकी काँग्रेसने नवा कायदा केला: ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. ही अट जुन्या करारांनाही लागू झाली. भारताला ती अन्यायाची वाटली, आणि माझ्या मते ते रास्तच होतं.

त्या कायद्यात एक वाट होती. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला, तरी राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात इंधन पाठवू शकत. मात्र काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी विरोध केला, तर तो निर्णय रद्द होई. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1980मध्ये हाच मार्ग धरला. प्रतिनिधिगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी त्यांच्याविरुद्ध कौल दिला. सिनेटमध्ये मात्र विरोधाचा ठराव 46 विरुद्ध 48 असा पडला. अवघ्या दोन मतांनी तारापूरचं इंधन सुटलं! तरीही वाद मिटला नाही, आणि 1982मध्ये इंधनासाठी फ्रान्सशी बोलणी पक्की झाली.

आपल्याकडे असा करार संसदेपुढे मंजुरीसाठी ठेवण्याचं बंधन नाही. 2008मध्ये भारत-अमेरिका अणुकरारावरून लोकसभेत मतदान झालं ते सरकारवरील विश्वासाचं, कराराच्या कलमांवरचं नव्हे.