बक्षिसाची थैली कोणाच्या पैशाची?



आज मी तुम्हाला एका परदेशी खेळाचा हिशेब सांगणार आहे. खेळ अमेरिकेतला, नाव रोडिओ. टीव्हीवर कधीतरी पाहिला असेल. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एक माणूस बसलेला असतो, एक हात दोराला, दुसरा हवेत, आणि बैल त्याला खाली पाडायला बघत असतो. तोच हा खेळ. पण मला बोलायचंय ते बैलाबद्दल नाही, पैशाबद्दल. तिथे बक्षिसाची थैली भरते कशी, वाटली जाते कशी, आणि त्या थैलीत बायकांना बरोबरीचा वाटा मिळायला पन्नास वर्षं का लागली, ते आज पाहू. तुम्ही गटाची वही सांभाळता, म्हणून हा हिशेब तुम्हाला चटकन कळेल.

आधी खेळ समजून घेऊ

रोडिओ हा शब्द स्पॅनिश भाषेतला. गुरं वळवून एका जागी आणणं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या पश्चिमेकडे, टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग अशा राज्यांत, मोठमोठी कुरणं आहेत. तिथले गुराखी घोड्यावर बसून गुरं राखत. पळत्या वासराच्या गळ्यात दोराचा फास टाकणं, बुजऱ्या घोड्यावर बसून त्याला माणसाळवणं, हे त्यांचं रोजचं काम. त्या कामातल्या कसबाचाच पुढे खेळ झाला. जनावरांना यात त्रास होतो, असा आक्षेप तिथले प्राणिप्रेमी घेतात आणि त्यावर वादही चालू असतो.

या खेळाचे दोन भाग पडतात. एक गुणांचा, दुसरा वेळेचा. बैलावर बसण्याचा प्रकार गुणांचा. त्यात आठ सेकंद टिकावं लागतं. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःच्या अंगाला लागला, तर सगळं बाद. टिकला तर शंभरपैकी गुण मिळतात, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे बैलाचे! बैल सुस्त निघाला, तर चांगल्या स्वाराचेही गुण घसरतात.

वेळेच्या प्रकारात घड्याळ निकाल देतं. बायकांचा मुख्य प्रकार यातलाच. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात ठेवलेली असतात. बाईने घोडा भरधाव आणायचा, एकेका पिंपाला वळसा घालायचा आणि तसाच परत न्यायचा. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं. पिंप आडवं पडलं, की वेळेत पाच सेकंद वाढतात. सगळी धाव तेरा-चौदा ते सतरा-अठरा सेकंदांची. तिथे पाच सेकंद म्हणजे बक्षीस गेलंच.

थैलीत पैसे येतात कुठून?

आता निकालाचा कागद कसा वाचायचा ते सांगते. त्यावर क्रमांक असतो, नाव असतं, वेळ किंवा गुण असतात, आणि शेवटी रक्कम. आपली नजर जाते ती रकमेवर. ही रक्कम आली कुठून, ते मात्र कागदावर लिहिलेलं नसतं.

या खेळात पगार नसतो. उलट खेळायला उतरायचं, तर आधी प्रवेश फी भरावी लागते. सगळ्यांची फी एकत्र होते, त्यात भरवणारी कमिटी आपले पैसे घालते, आणि मग थैली तयार होते. म्हणजे थैलीतला एक हिस्सा खेळणाऱ्यांचाच असतो, भिशीसारखा. फरक एवढाच, की भिशी पाळीपाळीने सगळ्यांना लागते आणि इथे फक्त पहिल्या काहींना.

सोप्या आकड्यांचं उदाहरण घेऊ. समजा, वीस जणींनी प्रत्येकी शंभर डॉलर फी भरली. झाले दोन हजार. कमिटीने तीन हजार घातले. थैली पाच हजारांची. चार क्रमांक काढले आणि चाळीस, तीस, वीस आणि दहा टक्के अशी वाटणी केली, तर पहिलीला दोन हजार, दुसरीला दीड हजार, तिसरीला हजार आणि चौथीला पाचशे मिळतील. बाकीच्या सोळा जणी रिकाम्या हाताने घरी. दोघींची वेळ सारखी येऊन दुसरा क्रमांक दोघींचा झाला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बक्षिसाची बेरीज करून निम्मं-निम्मं वाटतात. म्हणजे प्रत्येकीला साडेबाराशे.

आता चौथ्या आलेल्या बाईचं घर बघा. निकालात तिच्या नावापुढे पाचशे डॉलर लिहिलेत. पण त्या महिन्यात ती चार ठिकाणी खेळली होती आणि बाकी तीन ठिकाणी काहीच मिळालं नाही. प्रत्येक ठिकाणी शंभर डॉलर फी आणि दीडशे डॉलर गाडीचं इंधन नि घोड्याचा खर्च धरला, तर चार ठिकाणचे हजार गेले आणि पाचशे आले. कागदावर ती जिंकली, घरच्या वहीत पाचशेचा खड्डा पडला. घोड्याचा दाणा-वैरण, नाल, डॉक्टर, घोडा वाहून नेणारी गाडी हे सगळं ज्याचं त्यानेच बघायचं. म्हणून कोणी सांगितलं, की अमक्याने एवढे लाख जिंकले, तर तो आकडा मिळकतीचा समजावा, नफ्याचा नव्हे.

तरीही त्या आकड्याला तिथे फार वजन आहे. कारण वर्षाचा क्रमांक त्यावरच ठरतो. जिंकलेला एक डॉलर म्हणजे एक गुण. हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. तोवर ज्यांनी सर्वांत जास्त रक्कम जिंकली, अशा प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या पंधरा जणांना डिसेंबरमध्ये राष्ट्रीय अंतिम रोडिओत खेळायला मिळतं. १९८५ पासून, २०२० चा अपवाद वगळता, हा रोडिओ लास व्हेगास शहरात होत आला आहे. दहा दिवस चालतो, रोज एक फेरी, आणि प्रत्येक फेरीत पहिल्या सहांना पैसे. २०२३ साली एका फेरीत पहिलं येणाऱ्याला ३०,७०६ डॉलर मिळत होते. आपल्या पैशात तेव्हाचे साधारण पंचवीस लाख रुपये, तेही काही सेकंदांच्या खेळाचे. वर्षभर पदरमोड करून माणसं का धावतात, ते यावरून कळतं.

आधी पुरुषांनी हिशेब मागितला

ही फी थैलीत टाकण्याची पद्धत आपोआप आली नाही. १९३६ साली बोस्टन शहरातल्या एका रोडिओत थैली फार लहान होती आणि स्पर्धकांनी भरलेली फी तिच्यात धरलेली नव्हती. ६१ स्पर्धकांनी कागदावर सह्या केल्या. थैली वाढवा आणि आमची फी तिच्यात घाला, नाहीतर आम्ही उतरत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ते मैदानाबाहेर बसले. भरवणाऱ्याला ऐकावं लागलं. त्यातून त्यांची संघटना झाली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘कासव’. जमायला उशीर झाला, पण मान बाहेर काढायची हिंमत केली म्हणून! आज व्यावसायिक रोडिओ चालवणारी मोठी संघटना, ती याच कासवाची पुढची पिढी.

मग बायका कुठे होत्या?

तुम्ही म्हणाल, यात बायका कुठे आहेत? सुरुवातीला त्या मैदानातच होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकाही उधळत्या घोड्यांवर बसत आणि बक्षिसं घेत. १९२९ साली ऑरेगन राज्यातल्या पेंडलटन गावच्या रोडिओत बॉनी मॅकॅरॉल या नावाजलेल्या स्वार बाईच्या अंगावर घोडा पडला आणि त्या दुखापतीने ती गेली. त्यानंतर तिथे बायकांचा तो प्रकार बंद झाला आणि इतर ठिकाणीही बायकांचे खेळ कमी होत गेले. मैदानात पुरुषही जखमी होत होते, जिवालाही मुकत होते. पुरुषांचा खेळ मात्र कोणी बंद केला नाही.

पुढच्या वर्षांत बायकांना बोलावलं जाई ते शोभेसाठी. गावोगावच्या तरुणी छान पोशाख करून घोड्यावरून येत, आणि पोशाख कसा, घोडा कसा, दिसते कशी, याचेही गुण दिले जात. कसबाचा भाव उतरला होता.

१९४७ साली टेक्सासमधल्या अमारिलो गावी नॅन्सी बिनफोर्ड आणि थीना मे फार या दोघींनी फक्त बायकांचा रोडिओ भरवला आणि तो यशस्वी करून दाखवला. त्यानंतर १९४८ साली सॅन अँजेलो गावी ३८ जणी जमल्या आणि त्यांनी बायकांची स्वतःची संघटना काढली. सुरुवातीला ७४ सभासद होत्या, मान्यता दिलेल्या स्पर्धा ६० आणि वर्षभरातली सगळी बक्षिसं मिळून २९,००० डॉलर. भागाकार करून बघा. एका स्पर्धेच्या वाट्याला पाचशे डॉलरही येत नव्हते.

हळूहळू पिंपांची शर्यत रोडिओत रुजली. १९६७ पासून ती राष्ट्रीय अंतिम रोडिओतही आली. लोक बघायला येत, टाळ्या पडत. थैली मात्र पुरुषांपेक्षा लहानच.

मग १९८० साली या संघटनेने देशभरातल्या ६५० रोडिओ कमिट्यांना कळवलं, की १९८५ पर्यंत आमची थैली पुरुषांच्या थैलीएवढी करा, नाहीतर आमच्या बायका तुमच्याकडे खेळायला येणार नाहीत. पाच वर्षांची मुदत दिली. नियोजन करायला, पैसे उभे करायला वेळ दिला, म्हणजे सबब उरली नाही. बहुतेक कमिट्यांनी ते मानलं. एकटीने सांगितलं असतं, तर तिच्या जागी दुसरी बोलावली असती. सगळ्यांनी मिळून सांगितलं, तेव्हा बोलवायला दुसरी राहिलीच नाही.

याच काळात न्यू मेक्सिको राज्यातल्या क्लेटन गावची शार्मेन जेम्स ही मुलगी पुढे आली. तिचा घोडा स्कॅम्पर वडिलांनी ११०० डॉलरला घेतलेला. १९८४ साली, चौदाव्या वर्षी, ती जगज्जेती झाली आणि १९९३ पर्यंत सलग दहा वर्षं तो मान तिच्याकडेच राहिला. १९८५ च्या अंतिम रोडिओत धाव चालू असतानाच स्कॅम्परच्या तोंडातून लगाम निघाला. तरी घोड्याने तिन्ही पिंपांना वळसे घातले आणि ती फेरी तिनेच जिंकली. १९८७ साली अंतिम रोडिओत तिच्या पाठीवर एक नंबर लागला. हा नंबर त्या हंगामात, बायका-पुरुष मिळून, सर्वांत जास्त रक्कम जिंकणाऱ्याचा. तो लावणारी ती पहिली बाई. पुढे १९९० साली दहा लाख डॉलर जिंकण्याचा टप्पा ओलांडणारीही या खेळातली पहिली तीच.

आणि तरीही, मैत्रिणींनो, तिच्या त्या दहाही वर्षांत अंतिम रोडिओची बायकांची थैली पुरुषांएवढी नव्हती. बाकीच्या स्पर्धांत बरोबरी आली होती, सर्वांत मोठ्या मैदानात नव्हती. ती आली १९९८ साली, पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीने पैसे घातले तेव्हा. १९४८ ला सुरुवात, १९९८ ला बरोबरी. अर्धं शतक गेलं.

हे काम अजून संपलेलं नाही. वासराच्या गळ्यात फास टाकण्याचा बायकांचा एक प्रकार गेल्या काही वर्षांत वाढला आहे. दोर खोगिराला बारीक दोरीने बांधलेला असतो. फास बसून दोर ताणला, की दोरी तुटते आणि घड्याळ थांबतं. त्याची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा २०२० पासून होऊ लागली, पण ती मोठ्या अंतिम रोडिओच्या बाहेर, वेगळी भरते.

जाता जाता

हा खेळ आपल्याला खेळायचा नाही. पण त्या बायकांनी विचारलेले प्रश्न आपल्या कामाचे आहेत. कोणी बक्षिसाचा, मोबदल्याचा किंवा नफ्याचा आकडा सांगितला, की आधी विचारा, यात पैसे कोणाचे आहेत? आमचे किती? वाटणी कशी ठरली? खर्च वजा जाता हातात काय राहतं? आणि तेवढ्याच कामाला दुसऱ्याला किती मिळतात? या पाच प्रश्नांची उत्तरं पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत लिहून बघा. एकीच्या वहीतला आकडा तक्रार वाटते. तोच आकडा सगळ्यांच्या वहीत निघाला, की त्याला मागणी म्हणतात.