जुन्या पिकपला फोर बाय फोर करण्याआधी

मांडवगण फराटा आणि भीमेपलीकडचा दौंडचा पट्टा काळ्या जमिनीचा आणि उसाचा. पावसाळ्यात शेतरस्त्यावर पिकप रुतली की एक सल्ला हमखास मिळतो: भंगारातून फोर बाय फोरचं पुढचं हाऊसिंग आणा, बसवून घ्या, गाडी कुठंही जाईल. पुढच्या चाकांना ताकद मिळाली की चिखल सुटतो, हे काम एका हाऊसिंगचं आहे आणि कागदोपत्री त्यानं काही बिघडत नाही, अशा तीन समजुती या सल्ल्यात आहेत. तिन्ही चुकीच्या आहेत आणि पहिलीवरच लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात.

आपल्याकडच्या बहुतेक पिकप मागच्या चाकांनी चालतात. हौद्यात माल असला की वजन त्याच चाकांवर येतं आणि पकड मिळते. म्हणून निसरड्या वाटेवर अनेकदा रिकामी गाडीच जागेवर चाकं फिरवत बसते. काळी माती पाणी शोषून फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मग ताकद दोन चाकांना द्या नाहीतर चारांना. त्यात साध्या डिफरन्शियलची रचनाच अशी, की एक चाक घसरून गरगरू लागलं की पकड असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की साधी फोर बाय फोरही थांबते. ओल्या चढावर चार चाकांचा फायदा निर्विवाद आहे. पण सपाट शेतवाटेवरची बरीचशी अडचण खोल, रुंद खाचांच्या टायरांनी, रिकाम्या हौद्यात मागच्या बाजूला घट्ट बांधलेल्या वजनानं आणि गाडीला जुळणारं मिळालं तर मागच्या लॉक होणाऱ्या डिफरन्शियलनं कमी होते. ब्रेक मात्र फोर बाय फोरनं सुधारत नाहीत. ते सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

आता हाऊसिंग. पुढच्या चाकांना ताकद न्यायची तर गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस लागतो. तो बसला की मागचा दांडा आखूड करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, पुढं नवा दांडा येतो, आणि इंजिनची तेलटाकी व आडवा पट्टा आड आले तर चासीत फेरफार होतो. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा रेशो एकच हवा. मागं 4.1 आणि पुढं 4.3 असेल, तर एकाच वेगाच्या दांड्यावर पुढची चाकं जवळपास पाच टक्के हळू फिरू पाहतात आणि तो ताण क्रॉस, गिअर व टायर सोसतात. रेशो जुळला तरी अशी गाडी कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये चालवू नये; वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि ही तफावत सामावणारं मधलं डिफरन्शियल तिथं नसतं. शिवाय गाडीचं मंजूर एकूण वजन वाढत नाही, म्हणून नव्या भागांचं वजन मालाच्या क्षमतेतूनच वजा होतं.

यावर म्हणतात, जुन्या महिंद्रा जीपना तर गॅरेजवाले हे सर्रास करायचे. खरं आहे, आणि त्याला कारण आहे: त्या जीप दोन्ही प्रकारांत निघत, पुढं पाट्यांवरचा सरळ ॲक्सल असे, त्यामुळे एकीचे भाग दुसरीला चपखल बसत. तुमच्या पिकपचीही कारखान्यानं फोर बाय फोर काढली असेल आणि तशी पूर्ण गाडी सुट्या भागांसाठी मिळत असेल, तर यंत्राच्या अंगानं काम शक्य आहे. कायद्याचा प्रश्न मात्र उरतोच. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं, की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनीलाही दावा अडवायला कारण मिळतं.

म्हणून हाऊसिंगचा सौदा करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि पहिला खर्च टायरांवर करा. तरीही चार चाकांची गरज उरली, तर बोलेरो कॅम्पर किंवा टाटा झेनॉनसारखी कारखान्यातूनच फोर बाय फोर आलेली जुनी गाडी शोधा, आणि घेताना नोंदणीपत्रावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.