कपाच्या मापात पाप!

केकच्या रेसिपी आज पायलीला पन्नास. पण 'एक कप मैदा म्हणजे नेमका किती?' असं विचारलं की भल्याभल्यांची दांडी गुल! चला, आज याचा काटाच काढू. म्हणजे वजनकाटा हो!

माहीत आहे का? अमेरिकन कप साधारण २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५०चा आणि जपानी फक्त २००चा. त्यातून जपानात तांदळाचा कप आणखी निराळा, १८०चा. चमच्यांचाही तोच तोरा: बहुतेक ठिकाणी टेबलस्पून १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात मात्र २०चा. आणि आपली वाटी? ती तर घरागणिक वेगळी!

आता हीरो नंबर वन, मैदा. कप थेट डब्यात खुपसून गच्च भरलात, तर मैदा १५० ग्रॅमपर्यंत जातो. तोच मैदा चमच्याने अलगद कपात सोडून वरून सुरीने सपाट केलात, तर भरतो १२० ते १२५. कप तोच, मैदा तोच! तीन कपांच्या केकमध्ये अर्ध्या कपाहून जास्त मैदा गुपचूप घुसतो, केक कोरडाठाक होतो आणि बोल लागतो बिचाऱ्या ओव्हनला.

स्वल्पविरामही केक बिघडवतो, माहीत आहे का? 'एक कप चाळलेला मैदा' म्हणजे आधी चाळा, मग मोजा. 'एक कप मैदा, चाळून' म्हणजे आधी मोजा, मग चाळा. चाळलेल्या मैद्यात हवा खेळते, त्यामुळे कपात तो कमी मावतो.

सुपरफास्ट फेरी! एकच अमेरिकन कप घ्या. कोको पावडर भरते जेमतेम ८५ ग्रॅम, पिठीसाखर १२०च्या आसपास, साधी साखर २००, लोणी २२७ आणि मध तब्बल ३४०. कोकोच्या चौपट!

पाणी मात्र सरळमार्गी. १७९५ साली फ्रान्सने ग्रॅमची व्याख्याच एक घन सेंटिमीटर पाण्यावरून केली. म्हणून १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम. तेल? ९२च्या आसपास. म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं!

हे सपाट कपांचं वेड लावलं कोणी? बोस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी. १८९६च्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकाने 'मूठभर, चिमूटभर'ची सुट्टी केली आणि काठोकाठ सपाट कप घरोघरी नेला. काम मोठंच, पण सपाट कपातही मैदा दाबला जातो त्याचं काय?

आकारमानाचं वजन करताना चुकलं, तर केकच फसतो असं नाही, विमानही फसतं! २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. हवं होतं २२,३०० किलो इंधन. लिटरवरून वजन काढताना किलोऐवजी पौंडांचा आकडा वापरला गेला आणि टाक्यांत होतं २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद! वैमानिकांनी ते धूड तरंगवत नेलं आणि गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती रंगल्या होत्या! विमानातले सगळे ६९ जण बचावले. कमाल आहे की नाही?

बेकरीवाले या भानगडीत पडतच नाहीत. त्यांचा मैदा कायम १०० टक्के, बाकी सगळं त्याच्या वजनाच्या हिशेबात. पाणी ६५, मीठ २, यीस्ट १. बेरीज १६८ टक्के, आणि पाव एकदम झकास!

मग आता रेसिपीची वही उघडा आणि कपाशेजारी ग्रॅम लिहून टाका: मैदा १२०, साखर २००, लोणी २२७. बाउल डिजिटल काट्यावर ठेवा, 'टेअर'चं बटण दाबून शून्य करा आणि एकेक जिन्नस थेट त्यातच ओता. मधाने चिकट झालेला कप घासायची कटकटही वाचेल!