सदाहरित अरण्यातील छायाचित्रण

माळरानावर हरणांचे कळप दुरूनही दृष्टीस पडतात. सदाहरित अरण्याची रीत निराळी. तेथे जीवसृष्टी विपुल असते. परंतु नवख्याच्या डोळ्यांना पानांवाचून फारसे काही दिसत नाही. म्हणूनच अशा अरण्यात छायाचित्रणासाठी जाणाऱ्याने प्रवासाची सिद्धता घरीच, विचारपूर्वक करावयास हवी.

केरळातील पालक्काड जिल्ह्यामधील सायलेंट व्हॅलीचे उदाहरण घ्यावे. स्थानिक परंपरेत हिला सैरंध्रीवन म्हणतात. अज्ञातवासातील द्रौपदीचेच हे नाव. येथून वाहणारी नदी कुंतीपुळा. तिच्यावर जलविद्युत् धरण बांधण्याची योजना होती. देशभर विरोध झाल्यावर १९८३ साली ती सोडून देण्यात आली आणि १९८४ मध्ये हे अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्या चळवळीचे प्रतीक ठरला सिंहपुच्छ वानर. काळे अंग, मुखाभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असलेला हा प्राणी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाखेरीज जगात अन्यत्र रानटी अवस्थेत आढळत नाही.

पहिला विचार ऋतूचा. जूनपासून मोसमी पाऊस कोसळू लागला की वाटा निसरड्या होतात आणि जळवांचा उपद्रव वाढतो. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यामानाने सोयीचा. मुक्काली या गावाहून वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्याला सोबत घेऊन आत जावे लागते. हा वाटाड्या केवळ रस्ता दाखवीत नाही. फांदीची सळसळ वाऱ्याची की वानराची, हे त्याचे कान सांगतात.

दुसरा विचार प्रकाशाचा. उंच वृक्षांच्या छतामधून जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा अगदी अल्प अंश पोहोचतो. म्हणून अधिक प्रकाश घेणारे भिंग आणि भक्कम तिपाई हवी. वानर मात्र शेंड्यावर, आणि त्याच्यामागे पांढरे आकाश. अशा वेळी कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व चित्रात केवळ काळी आकृती उमटते. मापकाने सुचविल्याहून अधिक प्रकाश द्यावा, किंवा उतारावर अशी जागा शोधावी की शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येईल.

तिसरा शत्रू दमटपणा. भिंगावर बुरशी धरू नये म्हणून ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी जवळ बाळगावी. थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढताच काचेवर बाष्प साचते. यास्तव तो बाहेरच्या उष्णतेस येईपर्यंत बंद पिशवीतच ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचा विचार संयमाचा. तमिळनाडूतील वालपराई येथे चहाच्या मळ्यांमध्ये उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांत हेच वानर रस्त्यालगत सहज दिसतात. तेथे खाऊ दाखवून त्यांना जवळ बोलाविण्याचा मोह होतो. परंतु माणसाच्या हातचे खाण्यास सरावलेला वानर शेंडा सोडून रस्त्यावर उतरतो आणि वाहनाखाली सापडतो. एका चित्राचे हे मोल फार झाले. घरट्यासमोरची फांदी तोडणे, निजलेल्या पक्ष्यावर वारंवार दिव्याचा झोत टाकणे, हेही त्याच जातीचे अपराध होत.

तेव्हा मुक्काम दोन दिवसांऐवजी पाच दिवसांचा आखावा, आणि त्यांपैकी एखादा दिवस रिकाम्या हाताने परतण्याचा आहे, हे आधीच गृहीत धरावे. घाई नसली म्हणजे मोहही कमी होतो. ज्या चित्रासाठी प्राण्याला आपला दिनक्रम बदलावा लागला नाही, तेच चित्र त्या अरण्याची खरी साक्ष देते.