खुर्चीची पाठ भिंतीला

अमळनेरच्या आमच्या ज्येष्ठांच्या योगवर्गाचं खरं काम पहाटे पावणेसहाला सुरू होतं, आणि त्यात योग अजिबात नसतो. खुर्च्या मांडायच्या असतात. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सटकते, म्हणून प्रत्येक खुर्चीची पाठ भिंतीला टेकवायची. वैशाखात वरचे पत्रे लवकर तापतात. त्याआधी सगळं उरकायचं.

पहिल्या आठवड्यात मी मोठ्या हौसेनं वज्रासन सांगितलं. पुढच्या रांगेतले आप्पा म्हणाले, "मी बसी जासू, पन उठाडी कोन?" त्या दिवशी चटया गुंडाळल्या, त्या आजतागायत उलगडलेल्या नाहीत.

खुर्चीवरचा योग पाहून कुणी नाक मुरडलं, की मी गावातलाच दाखला देतो. स्वामी कुवलयानंद, म्हणजे तेव्हाचे जगन्नाथ गणेश गुणे, इथल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयात प्राचार्य होते. १९२३ मध्ये कॉलेज बंद पडलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्याआधी, १९२०च्या सुमारास, बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं ते क्ष-किरणांखाली तपासलं होतं. बाहेरून आसन कसं दिसतं यापेक्षा आत काय चाललंय, याची त्यांना जास्त उत्सुकता.

आमच्याकडे कुठलं आलंय यंत्र! पण आतलं कळायला तर हवं. जोर लावताना म्हातारी माणसं नकळत श्वास कोंडतात, आणि रक्तदाब असलेल्यांना ते बरं नव्हे. म्हणून मी मोठ्यानं आकडे मोजायला लावतो. आवाज थांबला, की समजायचं श्वास अडला. (चोरून ओठ हलवणारेही आहेत, त्यांच्याशेजारी मी जाऊन उभा राहतो.)

एका मावशींना आकडे काही लक्षात राहीनात. त्यांनी नातवंडांची नावं घ्यायला सुरुवात केली. नातवंडं अकरा, हात तेवढाच वेळ वर. एके दिवशी सहा नावं झाली आणि आवाज थांबला. मी धावलो, "मावशी, श्वास सोडा!"

"श्वास चालूय रे भाऊ. त्या पोराची माय माझ्याशी बोलत नाही."

मी म्हटलं, राहू द्या, हात खाली घ्या. त्यांनी घेतले नाहीत. क्षणभर थांबून उरलेली पाच नावं म्हटली, आणि मगच हात मांडीवर ठेवले.