‘रेसची गाडी आहे’ या गोष्टीचे किती पैसे द्यायचे?



जुन्या गाड्यांचा विषय निघाला की एका प्रकारचा मेसेज हमखास येतो. "दादा, येझदी रोडकिंग मिळतेय. डर्ट ट्रॅकला पळालेली आहे म्हणतात. ३५ हजार सांगतोय. रिस्टोअर केली की लाखाच्या वर जाईल. घेऊ का?" आणि खाली एक ओळ असते: पैसे आईचं सोनं ठेवून उभे करतोय.

त्या शेवटच्या ओळीसाठी हा लेख आहे. सोनं ठेवून धंदा करू नये असं मी म्हणणार नाही, कित्येक चांगली दुकानं तशीच उभी राहिली आहेत. पण सोनं ठेवून तुम्ही नेमकं काय विकत घेताय, हे हातात पाना धरायच्या आधी कळलं पाहिजे. लोखंड घेताय, कागद घेताय की गोष्ट घेताय? तिघांची किंमत वेगळी असते.

आपल्याकडची जुनी डर्ट बाइक म्हणजे काय

परदेशात १९६८ ची यामाहा डीटी-१ किंवा स्पेनची बुल्टॅको मिळते, ती कारखान्यातूनच मातीसाठी बनून आलेली असते. आपल्याकडे त्या काळात दुकानातून अशी गाडी विकत घ्यायची सोय जवळजवळ नव्हती. म्हणून पोरांनी रस्त्यावरच्या गाड्याच कापल्या. रोडकिंग, राजदूत, पुढे आरएक्स १००. हेडलाइट काढला, मागची फ्रेम छाटली, मडगार्ड वर उचललं, रुंद हँडल लावलं, मागे मोठं स्प्रॉकेट आणि बटनाचे टायर चढवले, झाली डर्ट बाइक.

आता यातली गंमत बघा. अशी गाडी ‘ओरिजिनल’ म्हणजे कशी? मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून ती रस्त्यावरची गाडी म्हणून बाहेर पडली. १९८५ मध्ये कुणी ती कापून खरंच मैदानात पळवली असेल, तर तो बदल हाही तिचा इतिहास आहे. पण २०१५ मध्ये गॅरेजवाल्याने इंटरनेटवरचे फोटो बघून कापली असेल, तर ती फक्त कापलेली रोडकिंग आहे. दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसतात. विकणारा दोन्हींना ‘रेसची गाडी’ म्हणतो.

माझा नियम साधा आहे: पुरावा मिळेपर्यंत गोष्टीची किंमत शून्य. गाडीला मोड म्हणून आणि कागदाला कागद म्हणून भाव लावा. गोष्ट नम्रपणे ऐकून घ्या, तिचे पैसे देऊ नका.

पुरावा कुठे शोधायचा

पहिला पुरावा चासी नंबर. फ्रेमच्या मानेवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. पंचिंगची अक्षरं वेडीवाकडी आहेत का, आजूबाजूला घासल्याची खूण आहे का, नंबराभोवती वेल्डिंग आहे का, हे उजेडात बघा. पेन्सिलने कागदावर छाप घ्या. पेंटखाली लपलेलं बरंच काही छापात उठून दिसतं. चासी नंबर खोडलेला किंवा पुन्हा मारलेला वाटला तर चहा प्या आणि निघा. चोरीची गाडी निघाली तर ३५ हजारांसोबत पोलीस स्टेशनच्या चकराही तुमच्याच. इंजिन बदललेलं असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही, जुन्या गाडीत ते होतं. फक्त ते आरसीवर नोंदवलेलं आहे का ते बघा आणि भाव त्याप्रमाणे पाडा.

दुसरा पुरावा नंबर प्लेट. महाराष्ट्रात ‘एमएच’ची मालिका १९८९ च्या सुमारास, नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर आली. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरांचे जुने नंबर असायचे. विकणारा "एटी-टूचं मॉडेल" म्हणतोय आणि प्लेटवर एमएच-१२ आहे, तर एकतर गाडी नंतर पुन्हा नोंदवली गेली किंवा साल खोटं आहे. आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख वाचा, उत्तर तिथेच असतं. आणि रोडकिंग बनली १९७८ ते १९९६ या काळात. त्याआधीचं किंवा नंतरचं साल कुणी सांगत असेल तर पुढचं बोलणंच थांबवा.

तिसरा पुरावा वेल्डिंग आणि रंग. शॉकअॅब्सॉर्बरचे मागचे कान पुढे सरकवले आहेत का? तो बदल मागच्या चाकाला जास्त हालचाल मिळावी म्हणून करतात. त्या वेल्डिंगवर रंगाचे किती थर आहेत? टाकीखाली, नजरेआड, बोटभर जागा बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासा. झाडाच्या वर्तुळांसारखे थर दिसतील. जुन्या वेल्डिंगवर जुना रंग असतो. एकच ताजा थर असेल तर काम ताजं आहे.

चौथा पुरावा माणसांचा. खरंच पळालेल्या गाडीचा फोटो कुठेतरी असतो. स्पर्धेचं प्रवेशपत्र, सर्टिफिकेट, घरातल्या कपाटावर ढाल, नाहीतर ती गाडी जोडून देणारा म्हातारा मिस्त्री. त्या मिस्त्रींना जाऊन भेटा आणि विचारा, "काका, या फ्रेमवर तुम्ही काय काय केलं होतं?" ज्याने काम केलंय तो तारीख विसरेल, पण वेल्डिंग कुठे मारलं ते विसरत नाही.

इंजिन लगेच चालू करून बघू नका

दहा वर्षं बंद असलेली टू-स्ट्रोक गाडी किक मारून सुरू झाली की विकणारा विजयी मुद्रेने बघतो. तुम्ही हुरळून जाऊ नका.

रोडकिंगचं इंजिन २५० सीसी वर्गातलं, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग सिलिंडरमध्ये जातं. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील वाळून चिरली असतील तर तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणजे सुरू झालेली गाडी चार किलोमीटरवर तुमचं बोअर-पिस्टन खाऊ शकते. म्हणून खोलायचं, सील बदलायची, कनेक्टिंग रॉडचा खेळ बघायचा, मगच किक.

सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन मोजून घ्या. आधी किती वेळा बोअर वाढवलाय आणि अजून वाढवायला जागा आहे का, हे मापात कळतं. शेवटचं माप गाठलं असेल तर नवीन लायनरचा खर्च धरा. रोडकिंगमध्ये किक आणि गिअरचा एकच दांडा असतो, त्याचे दाते झिजले की लोक सरळ वेल्डिंग मारतात. तेही बघा. आणि एक गैरसमज काढून टाका: २०२२ पासून बाजारात आलेल्या नव्या येझदीचे इंजिनचे पार्ट जुनीला लागत नाहीत. ती वेगळी, फोर-स्ट्रोक गाडी आहे. जुनीचे पार्ट पुण्याच्या जुन्या बाजारात, जुन्या मिस्त्रींकडे आणि येझदीवेड्या लोकांच्या ग्रुपवर शोधावे लागतात. तो शोध म्हणजे तुमचे तास, आणि तासांना पैसे लागतात.

कायदा तुमच्या नफ्यात बसलेला असतो

‘व्हिंटेज नोंदणी करून घेऊ’ असं बरेच जण म्हणतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये तसा नियम केला आहे, पण तो नीट वाचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी, चासी-बॉडी-इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. आता हिशोब करा: सगळ्यात पहिल्या रोडकिंगलासुद्धा ५० वर्षं २०२८ मध्ये होतात. आणि फ्रेम कापलेली गाडी मूळ रूपात आहे हे तुम्ही कसं सिद्ध करणार? म्हणजे जी रोडकिंग आज न कापता उभी आहे, तिला उद्या एक दार उघडू शकतं. हौसेने कापली तर ते दार तुम्हीच बंद करता.

कापलेली गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर तेही सोपं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरसीची मुदत संपली असेल तर आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि हेडलाइट-हॉर्न नसलेली गाडी तिथे पास होत नाही.

तुम्ही सतत गाड्या घेऊन विकणार असाल तर आणखी दोन गोष्टी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर २०२५ पासून जुन्या वाहनावर खरेदी-विक्रीच्या फरकावर १८ टक्के दर आहे. दुरुस्तीचा खर्च कसा दाखवायचा, हे पहिली गाडी घेण्याआधी सीएकडून समजून घ्या.

आता वहीत मांडा

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे टाका. खरेदी ३५,०००. टेम्पोभाडं २,०००. इंजिन १८,०००. फ्रेम सरळ करणं आणि तोडलेले कान पुन्हा बसवणं ९,०००. टायर, रिम, स्पोक ८,०००. पेंट आणि क्रोम १२,०००. कागद ६,०००. झाले ९०,०००. तुमचे १२० तास, तासाला फक्त १५० रुपये धरले तरी १८,०००. गाडी आठ महिने अडकली आणि सोन्यावरचं व्याज महिना १ टक्का धरलं तर ७,२००. एकूण १,१५,२००.

"लाखाच्या वर जाईल" हे वाक्य आता परत वाचा. लाखाला विकली तर तुम्ही आठ महिने कष्ट करून गिऱ्हाइकाला १५,२०० रुपये भेट दिले. हा आकडा दिसत नाही, कारण आपण स्वतःची मजुरी आणि व्याज वहीत लिहीतच नाही.

मग करायचं काय?

खोलण्याआधी ठरवा की ही गाडी काय म्हणून विकायची. कागद पक्के आणि फ्रेम सुधारण्यासारखी असेल तर तिला पुन्हा रस्त्यावरची रोडकिंग करा. जुन्या रेसचा पुरावा हाती असेल तर ते जुने बदल तसेच जपा, घासून-चकचकीत करून ते पुसू नका, आणि मैदानासाठी किंवा संग्रहासाठी विका. दोन्ही नसेल तर सुटे पार्ट म्हणूनच भाव करा.

दुसरं, प्रत्येक भागाची यादी करा आणि चार रकाने पाडा: मूळ, त्या काळातला बदल, नंतरचा बदल, तुम्ही नवीन लावलेला. सोबत फोटो. माहिती नसेल तिथे ‘पुरावा नाही’ असं स्वच्छ लिहा. विकताना ही यादी सही करून गिऱ्हाइकाला द्या. तुम्हाला वाटेल, याने भाव पडेल. एखाद्या गाडीचा थोडा पडेलही. पण जुन्या गाडीचा गिऱ्हाईक दुसऱ्या वेडाशी बोलतोच, आणि ‘याच्याकडे लिहून मिळतं’ हे एकदा पसरलं की त्यापेक्षा स्वस्त जाहिरात नाही.

तिसरं, आणि सोनं ठेवणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या दोन-तीन गाड्या गिऱ्हाइकाच्या करा. गाडी त्यांची, पार्टचे पैसे त्यांचे, मजुरी तुमची, आणि ती तीन टप्प्यांत आगाऊ. हात बसतो, मिस्त्री आणि लेथवाला ओळखीचा होतो, पार्ट कुठे मिळतो ते कळतं. फक्त गाडी तपासून चार रकान्यांचा अहवाल द्यायचेसुद्धा पैसे घेता येतात, त्याला भांडवल म्हणून एक टॉर्च, एक व्हर्निअर आणि प्रामाणिकपणा पुरतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या नजरेत असलेल्या गाडीपाशी वही घेऊन जा. पैसे घरीच ठेवा. चासीचा छाप घ्या, आरसीवरची पहिली तारीख उतरवा, चार रकाने भरा. शेवटच्या पानावर स्वतःच्या मजुरीसकट आणि व्याजासकट बेरीज करा. बेरीज पटली तर घ्या. नाही पटली तर सोनं कपाटात राहू द्या, रोडकिंग दुसरी मिळेल.