परदेशातील वस्ती आणि आपला विद्यार्थी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मुले-मुली आता अमरावती-नागपूरपुरती राहिलेली नाहीत. पुसद, दिग्रस, वणीकडचे तरुण परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र घेऊन आमच्या काउंटरवर शैक्षणिक कर्जाची चौकशी करतात. कागदांत फीचा आकडा असतो, विमानाच्या तिकिटाचा असतो. ज्या वस्तीत दिवस काढायचे तिच्याविषयी मात्र एक ओळ नसते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये राहिले. तेथील जेवण मानवेना, म्हणून आठवड्याभरात त्यांनी मुक्काम हलवला. पश्चिम 114 व्या रस्त्यावरील एका घरात काही भारतीय विद्यार्थी राहत, तेथे ते गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली ती याच शहरात.

त्या परिसराची ठेवण समजून घेण्यासारखी आहे. कोलंबिया विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या उंचवट्यावर आहे. पूर्वेच्या उतारावर बाग आहे आणि उतार संपला की हार्लेम. बाबासाहेब शिकत होते त्याच वर्षांत हार्लेम ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती बनत होती. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. त्या प्रश्नाचा आपण अभ्यास करीत आलो आहोत, असे त्यात त्यांनी कळवले होते.

परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदवले आहे. गावकुसाबाहेरचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास आले आणि राहावे कोठे, हा प्रश्न स्टेशनवरच उभा राहिला. पारशी नाव सांगून दीड रुपया रोजाने एका धर्मशाळेत जागा मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या दहाबारा लोकांनी त्यांना जागा सोडायला लावली. दोन मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मग कमाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. जी वस्ती परक्या देशात मिळाली, ती आपल्या देशात नाकारली गेली.

1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. 1921-22 मध्ये राहणे मात्र साधारण चार किलोमीटर दूर, 10 किंग हेन्रीज रोडवर. सकाळी पाव आणि मासा. रात्री भाजलेले पापड, एवढ्यावर अभ्यास चाले.

आम्ही पडलो कारकुनी पेशाचे, तेव्हा हिशेबाचे सांगतो. स्वस्त खोली दूर असली की वाचलेले भाडे बसच्या तिकिटात जाते. खोली ठरवण्यापूर्वी नकाशावर वाचनालय, भाजीबाजार आणि दवाखाना पाहावा; करारनामा वाचल्याशिवाय अनामत पाठवू नये. बँकेत खाते उघडायलाही बहुधा पत्त्याचा पुरावा लागतो. पहिल्या आठवड्यात वस्ती पायी फिरावी. पूर्वी तेथे कोण राहत होते, आज कोण राबते, हेही विचारावे. आपल्याच गावच्या चार मुलांत दार लावून बसायचे, तर इतक्या दूर जायचे कशाला?

किंग हेन्रीज रोडवरील ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. निवासी इमारतीचे संग्रहालय करण्यास तेथील नगर परिषदेने परवानगी नाकारली, शेजारच्या काहींची तक्रार होती. अपिलानंतर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. लंडनला जाणाऱ्यांनी नॉर्दर्न लाइनवरील चॉक फार्म स्टेशनवर उतरावे. तेथून ते पायी जवळच आहे.